ब्लॉक सहाचा गारवा

दहा हजार माणसं घामाने निथळत बसली होती आणि एकही जण तक्रार करत नव्हता. शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या बंदिस्त स्टेडियमात एरवी कधी बास्केटबॉल चालायचा, कधी बर्फावरची स्केटिंग, कधी एखाद्या गायकाची मैफल आणि तीत पोरापोरींचा धिंगाणा. त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता मात्र तिथे काठ्या होत्या, चाकाच्या खुर्च्या होत्या, मोठाली मुलं कडेवर घेतलेल्या आया होत्या आणि जो तो आपापल्या तपासण्यांच्या फायलीने वारा घेत होता.

मधल्या गोल मंचावर पांढऱ्या कपड्यांतले तात उभे होते. त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

"लेकरांनो, उकडतंय ना?" तात म्हणाले. "उकडू द्या. हा तुमच्या आजाराचा दाह आहे. तो बाहेर पडतोय. डॉक्टर गोळी देतो आणि सांगतो, जन्मभर घ्या. अरे, जी जन्मभर घ्यावी लागते ती गोळी बरं करते, की बांधून ठेवते? एक हात माझ्या हातात आणि दुसरा औषधाच्या बाटलीवर, हे चालायचं नाही. दोन दगडांवर पाय ठेवणारा बुडतो. ज्याच्यापर्यंत माझा गारवा पोचेल, त्याचा आजार त्या क्षणी गेला. घरी जा आणि बाटली उपडी करा."

बोलायला काय जातं, जिभेला हाड नसतं. मंचावर एक घंटा वाजली. तातांनी डोळे मिटले, जागच्या जागी हळूहळू फिरले आणि उजवा हात सहा नंबरच्या ब्लॉककडे केला. दोनतीन श्वास गेले. मग त्या ब्लॉकमधल्या बायकांनी साड्या आणि झगे घोट्यांपाशी घट्ट धरले. गारवा पायांकडून आला, पोटऱ्यांवरून चढला, गुडघ्यांपर्यंत आला, मानेवरचा घाम थंडगार झाला. कुणी रडू लागलं, कुणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं. पाच नंबरात आणि सात नंबरात काही म्हणजे काही नव्हतं. तिथली माणसं हात पसरून नुसती बघत राहिली.

"कृपा कुठे वळेल ते माझ्याही हातात नाही," तात म्हणाले. "ज्यांना आज मिळाली नाही त्यांनी उद्या या."

हे सगळं चालू असताना हवावाला तळघरात होता. स्टेडियमातले सगळे त्याला हवावालाच म्हणत, कारण गेली अठरा वर्षं तिथली हवा त्याच्या ताब्यात होती. खालच्या यंत्रखोलीत माणूस उभा चालत जाईल एवढाले पत्र्याचे नळ होते. ते प्रत्येक ब्लॉकच्या पायऱ्यांखाली जात आणि तिथून वाटीएवढ्या गोल जाळ्यांतून हवा एकेका खुर्चीखाली निघे. एका ब्लॉकला एक झडप. खाली एक बटण दाबलं की वर आठशे चाळीस खुर्च्यांखाली वारा सुटायचा. बसणाऱ्याला ती जाळी कधी दिसत नसे. खुर्चीखाली कोण वाकून बघतो?

यंत्रखोलीत आवाज एवढा, की वरचा कार्यक्रम त्याला कधीच ऐकू येत नसे. कानांवर हेडफोन असे आणि हेडफोनात कार्यक्रम चालवणाऱ्या मंडळींपैकी एकाचा आवाज. या खेपेला एक बाई होती. "क्यू चौदा, तयार," म्हणजे चौदाव्या इशाऱ्याला तयार राहा, असं ती म्हणायची, आणि मग नुसतं, "हो." त्या "हो"वर बटण दाबायचं. दिवे, पडदे, धूर, आवाज, हवा, सगळं असंच चालतं. आणि या धंद्याचा एक रिवाज असा, की क्यूचा अर्थ विचारायचा नाही. प्रत्येकजण अर्थ विचारत बसला तर कार्यक्रम उभा राहायचा कधी? मागे एका गायकाच्या बर्फाच्या गाण्याला हवावाल्याने अख्ख्या हॉलमध्ये हुडहुडी भरवली होती आणि गायकाने दुसऱ्या दिवशी मिठाई पाठवली होती. तेव्हा तातांच्या लोकांनी दिलेल्या कागदावर "दुपारी दोनपासून हवा कमी, तापमान एकोणतीस, क्यू चौदा, ब्लॉक सहा, पूर्ण गार, दीड मिनिट" असं वाचून त्याला नवल वाटलं नाही. त्याला वाटलं, म्हातारी माणसं आहेत, मध्येच जरा ताजंतवानं करायचं असेल. "हो" म्हटल्यापासून चार सेकंदांत त्याने झडप उघडली.

"छान, हवा," हेडफोनातली बाई म्हणाली. त्याला बरं वाटलं.

ब्लॉक सहाचे दोन पास त्यानेच घरी नेऊन दिले होते. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना असे पास मिळत. पासाबरोबर एक कार्ड होतं, त्यावर नाव, पत्ता आणि आजार लिहायचा होता. बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायची. आठवडाभर मान वर करायला मिळत नसे. म्हटलं, पोरीला घेऊन जाईल, चार घटका बसेल.

पोरगी अकरा वर्षांची. घरात तिला ठकी म्हणत. सातव्या वर्षी तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद पडलं आणि तेव्हापासून दिवसातून चार वेळा सुई. सुई टोचायची आई. कारखान्यात दिवसभर कापडात सुई आणि घरी पोरीच्या मांडीत. मांडीवर निळे डाग पडले होते. ठकी रडत नसे, पण टोचताना आईचा हात धरून ठेवी, आणि तेच आईला सोसत नसे.

संध्याकाळी हवावाला घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. इतकी आनंदात तिला त्याने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अहो, आमच्याकडेच हात केला तातांनी," ती म्हणाली. "घंटा झाली आणि पायांपासून गारवा चढत गेला. ठकीला पण लागला. विचारा तिला."

"हो बाबा," ठकी म्हणाली. "पाय एकदम गार पडले."

"घंटा झाल्यावर?" त्याने विचारलं. "तुम्ही सहामध्ये होता ना?"

"सहामध्येच. शेजारच्या ब्लॉकमध्ये कुणालाच नाही. फक्त आम्हाला."

तो चप्पल न काढता तसाच खाली बसला. चार सेकंद, दीड मिनिट, छान हवा. "ठकीची संध्याकाळची सुई झाली का?" त्याने विचारलं.

बायकोने ठकीच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आता नाही लागायची. बाटल्या उपड्या केल्या मी मोरीत."

त्याने सगळं सांगितलं. झडप, जाळी, एकोणतीस तापमान, बटण. हातवारे करून सांगितलं, कागद खिशातून काढून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती, आणि त्याला त्या शांतपणाची भीती वाटू लागली.

"म्हणजे बटण तुम्ही दाबलं," ती म्हणाली.

"मीच दाबलं."

"मग तातांनी ते तुमच्या हातून करून घेतलं. एवढी माणसं आहेत तिथे, पण आपल्या पोरीसाठी तुमचाच हात लागला. आणि तुम्ही त्यांनाच नावं ठेवता."

आंधळ्याला काठी देता येते, पण डोळे घट्ट मिटून बसलेल्याला काय दाखवणार? तो ओरडला. अठरा वर्षांच्या संसारात ओरडला नव्हता, तो त्या दिवशी ओरडला, आणि ते चुकलंच. मग तो धावत औषधाच्या दुकानात गेला. अर्ध्या तासाने नवी बाटली घेऊन परत आला तर घराला कुलूप.

शेजारणीने सांगितलं, मायलेकी विसाव्याला गेल्या. विसावा म्हणजे स्टेडियमाच्या मागचा सरावाचा हॉल. ज्यांना गारवा मिळाला त्यांनी तीन दिवस "संशयी माणसांपासून दूर" राहायचं, अशी तातांची आज्ञा होती, आणि बायकांसाठी तिथे गाद्या घातल्या होत्या. दुपारच्या कार्यक्रमाला त्यांना तिथूनच स्टेडियमात आणून बसवत. युक्ती सोपी होती. आजार परत डोकं वर काढेल तेव्हा जवळ डॉक्टर नको, नवरा नको, शहाणा भाऊ नको.

विसाव्याच्या दारावर दोन स्वयंसेवक होते. "पुरुषांना प्रवेश नाही," एवढंच ते म्हणत राहिले. पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "मुलगी आईजवळच आहे ना? मग तक्रार कसली?" शनिवारी सकाळी स्टेडियमाचा व्यवस्थापक म्हणाला, "उद्यापर्यंत करार आहे, सोमवारी बोलू." सोमवारपर्यंत पोरगी राहायची नाही, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने पाण्याचा पेला पुढे केला.

स्टेडियमाच्या प्रथमोपचार खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. एरवी त्यांच्याकडे मुरगळलेले पाय यायचे. त्यांनी सगळं ऐकलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"शेवटची सुई कधी?"

"काल दुपारी, जेवणाआधी."

"रक्त आंबट व्हायला लागलं असेल. पोरगी आधी पाणी पाणी करेल, मग उलट्या, मग झोपेल. झोपली की लोक म्हणतील, बघा, शांत झाली." त्या उठल्या आणि स्वतः विसाव्यावर गेल्या. दहा मिनिटांत परत आल्या. "इथे कुणी आजारी नाही, असं म्हणाले. आत एक बाई ओकत होती, ते मला दारातून ऐकू येत होतं. मी वरच्या साहेबांना फोन लावते, आरोग्य खात्याला लावते. ते येतील, पण कधी ते सांगता येत नाही. तुमच्या बायकोनेच पोरीला उचलून बाहेर आणलं तर तिला कुणी अडवू शकणार नाही."

विसाव्यात ये-जा होती ती फक्त सफाईच्या मावशींची. त्या हवावाल्याला अठरा वर्षं ओळखत होत्या. त्याने त्यांच्याकडे चिठ्ठी दिली. लिहिलं होतं:

"मी ओरडलो ते चुकलं. आज दुपारी तुम्हाला कुठे बसवणार ते मावशींना सांग. प्रार्थना चालू असताना, तात हात करायच्या आधी, तुमच्या ब्लॉकमध्ये तीनदा गारवा येईल. येईल, थांबेल, परत येईल. मधे मी दहापर्यंत मोजेन, तूही मोज. हे तातांना माहीत नाही. तुला आणि मला माहीत आहे. तसं झालं तर ठकीला उचल आणि खाली डॉक्टरीणबाईंकडे आण. नाही झालं तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

मावशी दोन तासांनी परत आल्या. "ब्लॉक दोन म्हणाली," त्या म्हणाल्या. "दुसरं काही बोलली नाही. पोरगी सकाळपासून उलट्या करतेय. ओठ पांढरे पडलेत. तिथल्या बाया म्हणतात, विष बाहेर पडतंय."

चार वाजता तो आपल्या जागी बसला. समोर बारा ब्लॉकांची बारा बटणं आणि बारा तापमानं. सगळीकडे एकोणतीस. हेडफोनात बाई म्हणाली, "प्रार्थना सुरू. क्यू चौदाला वेळ आहे. आज ब्लॉक नऊ."

हवावाल्याने दोनची झडप उघडली. दोनचा आकडा खाली आला. झडप बंद. दहापर्यंत मोजलं. पुन्हा उघडली.

"हवा, दोनमध्ये काय चाललंय?"

बंद. दहा. तिसऱ्यांदा उघडली आणि बंद केली. आता त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. वर काय होतंय ते त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. हेडफोनात नुसती खरखर होती. त्याने देवाचं नाव घेतलं नाही, पण घ्यावंसं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

मग बाईचा आवाज आला, पण त्याच्यासाठी नव्हता. "ब्लॉक दोन, स्वयंसेवक. कुणीतरी बाई उठली आहे. बसवा तिला."

थोड्या वेळाने: "बसत नाही म्हणजे काय?"

मग: "कॅमेरा तिकडे नेऊ नका. तिच्या हातात मूल आहे. दार लावा. नको, लावू नका, लोक बघतायत. जाऊ द्या."

आणि लगेच, जणू काही झालंच नाही: "क्यू चौदा, तयार. हो."

हवावाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून "हो, हवा, हो" असं बारीक ऐकू येत होतं. तो जिन्याकडे धावला. वर तात नऊ नंबरच्या ब्लॉककडे हात करून उभे होते, आणि नऊ नंबरात आठशे चाळीस माणसं घाम पुसत बसली होती. पाच मिनिटं हात तसाच होता. नंतर लोकांनी सांगितलं, की तात म्हणाले, "आज इथे कुणाच्या तरी मनात संशय आहे." ते मात्र त्यांनी खरं सांगितलं.

प्रथमोपचार खोलीत ठकी टेबलावर होती. श्वास खोल आणि भराभर चालला होता, आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं होतं आणि रुग्णवाहिका दारात आली होती. बायको भिंतीला टेकून उभी होती. "तीनदा आला," ती म्हणाली. "मी मोजले."

ठकी सहा दिवस अतिदक्षता विभागात होती आणि वाचली. आता ती स्वतःची सुई स्वतः टोचते. आईने हात पुढे केला तर हळूच बाजूला सरकते. रागाने नाही, पण सरकते. आई ते बघते आणि मशीनवर जाऊन बसते.

तात रविवारी संध्याकाळी दुसऱ्या शहरात गेले. ब्लॉक सहा मात्र इथेच राहिला. आठशे चाळीस माणसं आपापल्या घरी मोरीत बाटल्या उपड्या करून बरी झाली होती. हवावाल्याने डॉक्टरीणबाईंना गाठलं, त्यांनी आरोग्य खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याला गाठलं, आणि तातांच्या लोकांनी भरून घेतलेली कार्डं जप्त झाली. मग नवराबायको यादी घेऊन घरोघर फिरू लागले. दार उघडलं की हवावाला म्हणायचा, "तो वारा मी सोडला होता. तुमची औषधं सुरू करा." काहींनी हात जोडले. काहींनी दार लावलं. एकाने त्याला ढकलून दिलं. अकरा घरांत त्यांना पोचायला उशीर झाला होता.

चौकशी अधिकाऱ्याने यंत्रणा चालवून दाखवायला सांगितलं. हवावाल्याने त्या दिवशी ब्लॉक सहामधल्या सगळ्यांना बोलावलं. एकतीस आले. त्यांना त्यांच्या त्याच खुर्च्यांवर बसवलं. रिकाम्या हॉलमध्ये ती माणसं फार थोडी वाटत होती. त्याने आधी प्रत्येकाला खुर्चीखाली वाकायला लावलं, जाळीला हात लावायला लावला. मग तो खाली गेला.

मंचावर त्याची बायको उभी राहिली, कारखान्यातून आली होती तशीच, खांद्यावर मापाची फीत. तिने घंटा वाजवली आणि हात सहा नंबराकडे केला. एकतीस माणसांच्या पायांना गारवा लागला, पोटऱ्यांवरून चढला, गुडघ्यांपर्यंत आला. कुणी रडलं नाही. एक बाई तेवढी खाली मान घालून आपल्या पायांकडे बघत राहिली.

हवावाला वर आला. त्याला भाषणाची सवय नव्हती.

"तुम्हाला गार वाटलं ते खरंच होतं," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोलत नव्हता. पण गार वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. बरं झालात का, ते रक्त सांगतं, तपासणी सांगते. मंचावरचा माणूस सांगू शकत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे कसं केलं. झाकण उघडून बघू द्या म्हणा. तो उघडू देत नसेल तर उठून घरी जा आणि गोळी घ्या. मी इथे अठरा वर्षं आहे. त्या दिवशी मला कागद दिला तेव्हा मी एवढंच विचारायला हवं होतं, की हे गार कशासाठी. मी विचारलं नाही."

तिसऱ्या रांगेत एक निवृत्त पोस्टमन बसला होता. त्याची बायको नवव्या दिवशी गेली होती, हृदयाच्या गोळ्या बंद झाल्यावर. तो आज तिच्या खुर्चीवर बसला होता.

"एवढंच होतं?" त्याने विचारलं.

"एवढंच," हवावाला म्हणाला.

पोस्टमनने वाकून पुन्हा एकदा जाळीला हात लावला. मग म्हणाला, "ती म्हणत होती, गोळ्या असू देत घरात, तुमचं काय जातं. मीच उपड्या केल्या."

हवावाल्याच्या बायकोला मंचावरून ते ऐकू आलं. ती खाली उतरली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"यादीतली किती घरं राहिली?" पोस्टमनने तिला विचारलं.

"एकशे सत्तर," ती म्हणाली. "तुमच्या भागातली बरीच आहेत. आम्हाला दार उघडत नाहीत."

"मला उघडतील," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी त्यांची पत्रं दिली आहेत. द्या इकडे."

तिने पिशवीतून कागद काढले. त्याने चष्मा पुसला, पहिला पत्ता वाचला आणि उठला.